मराठी आडनावांचा उगम: अभ्यास कुठवर आला आहे

आडनावापूर्वीची ओळख

मराठी माणसाचे पूर्ण नाव आज तीन पदांचे असते: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. ही घडण सनातन वाटते, पण समाजाच्या सगळ्या थरांत ती रुजली ती गेल्या दीड-दोनशे वर्षांत. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या लीळाचरित्रात माणसे भेटतात ती म्हाइंभट, नागदेव, महदाइसा, बाइसा अशा नावांनी. नावाला जोडलेल्या भट, देव, नायक, आइसा या पदांवरून मान, जात आणि स्त्री-पुरुष हा भेद कळे. संतांच्या बाबतीत धंदा हीच खूण होती. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार या नावांतले शेवटचे पद आडनाव नव्हे. तुकोबांच्या घराण्याचे कूळ मोरे आणि आडनाव आंबिले असे दोन्ही सांगितले जाते. कूळ व आडनाव या वेगळ्या गोष्टी होत्या, याचा तो चांगला दाखला आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांतले मोडी कागद पाहिले तर माणूस कागदावर कसा ओळखला जाई ते दिसते. वतनाच्या तंट्याचा महजर (गोतसभेचे निर्णयपत्र) असला की त्यावर साक्षीदारांची नावे ओळीने येतात. कुणबी-मराठ्यांच्या नावात बापाचे नाव ‘बिन’ या शब्दाने जोडलेले असते, मुसलमानाच्या नावात ‘वलद’ येतो, विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव दिलेले असते. ब्राह्मणाच्या नावात बहुधा बापाचे नाव जोडशब्दाशिवाय येते. त्याला इनाम दिले असेल तर गोत्र, सूत्र आणि ‘उपनाम’ नोंदवलेले असते. पाठोपाठ हुद्दा आणि गाव: पाटील मोकदम, कुलकर्णी, चौगुला, मौजे अमुक. आडनाव जिथे आहे तिथे ते या सगळ्या खुणांपैकी एक असते, आणि पुष्कळ ठिकाणी ते नसतेच.

आडनाव स्थिर केव्हा झाले

या प्रश्नावर दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार आजच्या अर्थाचे आडनाव ही इंग्रजी अमलाची देणगी आहे. जमिनीची पाहणी आणि खातेवही, १८७२ पासूनची खानेसुमारी, शाळेचे दाखले, पलटणीतली भरती, मुंबईच्या गिरण्यांतले हजेरीपट या प्रत्येक ठिकाणी माणसाला ठरावीक नाव सांगावे लागले आणि जे सांगितले किंवा कारकुनाने ऐकले तेच पुढच्या पिढ्यांना चिकटले. दुसरे मत असे की वतनदारीने हे काम आधीच केले होते. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेने चालत. वारसा सिद्ध करायचा तर घराण्याला कायमची ओळख लागे. वतनाच्या वाटण्या, त्यांवरचे तंटे आणि निवाडपत्रे यांत तीच घराणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच नावाने भांडताना दिसतात.

पुरावा पाहता ही मते एकमेकांना खोडत नाहीत. ती दोन निरनिराळ्या थरांविषयी बोलतात. वतनदार, भिक्षुक, सरदार आणि कारकुनी पेशाची घराणी यांची आडनावे अठराव्या शतकात बरीच पक्की होती. बलुतेदार, भूमिहीन, आदिवासी आणि ज्यांना लिहिण्याची संधीच नाकारली गेली त्या जातींची आडनावे कागदावर आली ती एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत, आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या हाताने. त्या नोंदी करताना किती नावे बदलली, किती गाळली गेली, याचा जिल्हावार अभ्यास व्हायला हवा.

हुद्द्यांची नावे

ज्यांचा अर्थ निर्विवाद आहे असा सर्वांत मोठा गट हुद्द्यांचा. फारसीत लिहिणाऱ्याला ‘नवीस’ म्हणतात. त्यावरून मराठीत ‘नीस’ आला आणि फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस अशी मालिका तयार झाली. चिटणीस पत्रव्यवहार पाही, पोतनीस खजिना, पारसनीस फारसी पत्रे. ‘दार’ लागून इनामदार, जहागीरदार, किल्लेदार, जामदार, दफ्तरदार झाले. पोतदार नाण्यांची पारख करी. देशमुख आणि देशपांडे परगण्याचे, पाटील आणि कुलकर्णी गावचे, खोत कोकणातला, नाडकर्णी कर्नाटकाच्या बाजूचा.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी हुद्द्यांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी आडनावांत फारसीच टिकली. अमात्य, सचिव, प्रतिनिधी ही पदे बावडा, भोर, औंध अशा मोजक्या घराण्यांपुरती राहिली. फडणीस आणि चिटणीस मात्र गावोगाव झाले, कारण खालच्या पातळीवरची कारकुनी तशीच चालू होती.

हुद्द्याचे नाव मूळ आडनावाला झाकून टाकते. बाळाजी विश्वनाथ हे श्रीवर्धनचे भट, पण घराणे पेशवे म्हणून ओळखले गेले. नाना फडणीसांचे आडनाव भानू. जोशी किंवा कुलकर्णी असलेल्या दोन घराण्यांत नाते असेलच असे नाही, गोत्रही एक असेल असे नाही, किंबहुना जातही निराळी असू शकते. त्यामुळे या नावांवरून वंश शोधण्याचा प्रयत्न फार पुढे जात नाही.

पदे कायद्याने गेली तरी नावे राहिली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, महार वतनासारखी कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. पुढे १९६७ च्या कायद्याखाली पोलीस पाटील हे पद आले. ते नेमणुकीचे असते आणि कोणत्याही आडनावाच्या माणसाला मिळते.

गावावरून आलेली नावे

‘कर’ लागलेली आडनावे कोकण आणि गोव्यात सर्वाधिक आहेत, पण देशावर व विदर्भातही ती भरपूर आहेत. नियम सरळ दिसतो: गावाच्या नावाला कर लावला की आडनाव. पण गावात राहणाऱ्यांना गावाचे नाव लावून कोणाला ओळखायचे? म्हणून गाव सोडल्यावर, परगावच्या लोकांनी दिलेली ओळख अशी या नावांची उपपत्ती बहुतेक अभ्यासक मानतात. होळकर हे नीरेकाठच्या होळ गावचे. गाव सोडून मल्हाररावांनी माळव्यात राज्य उभे केले, तेव्हा ते नाव साऱ्या हिंदुस्थानात गेले. या उपपत्तीला अपवाद म्हणजे गावचे वतन किंवा देवस्थान ज्यांच्याकडे होते ती घराणी. त्यांनी गाव न सोडताही गावाचे नाव घेतलेले आढळते.

गावावरून नाव घेताना आधीचे नाव मागे पडते. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ, आंग्रे हे आंगरवाडीवरून आले असे सांगतात. दीनानाथ मंगेशकर हे हर्डीकर घराण्यातले. मंगेशीच्या देवस्थानाशी घराण्याचा संबंध होता, त्यावरून त्यांनी मंगेशकर हे नाव घेतले. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर झाले, आणि शाळेतल्या आंबेडकर नावाच्या शिक्षकांनी आपले नाव दिले ही हकिकत चरित्रांत येते. साताऱ्याच्या शाळेतल्या प्रवेशाची नोंद ७ नोव्हेंबर १९०० ची आहे आणि तीत भिवा रामजी आंबेडकर असे नाव आहे. नाव नेमके केव्हा आणि कसे बदलले याविषयी या नोंदीच्या आधारे आजही चर्चा होते.

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी हीच पद्धत पूर्णपणे आपलीशी केली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून सरळ वाचता येतात. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या नावातही किहीम हे गाव आहे. घरातली नावे बायबलमधली आणि आडनावे अलिबाग-पेणच्या वाटेवरची, अशी ही जोडी इस्रायलमध्ये गेलेल्या अनेक कुटुंबांनी टिकवली आहे. कोकणी मुसलमानांतही दलवाई, मुकादम, परकार, चौगुले, सरखोत अशी हुद्द्यांची आणि गावांची आडनावे आहेत.

कुळे, देवके आणि राजवंश

सर्वांत जास्त वाद या गटाविषयी आहे. जाधव म्हणजे यादव, शेलार म्हणजे शिलाहार, कदम म्हणजे कदंब, पवार म्हणजे परमार, चव्हाण म्हणजे चाहमान, साळुंखे आणि चाळके म्हणजे चालुक्य, मोरे म्हणजे मौर्य, शिंदे म्हणजे सिंद: मराठा कुळांच्या नावांची ही जुळणी एकोणिसाव्या शतकापासून इतिहासलेखनात रूढ आहे.

ध्वनींच्या दृष्टीने यांतल्या बहुतेक जोड्या बिनचूक आहेत. संस्कृत शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ होतो, आणि जुन्या कागदांत ‘जादव’ असेच लेखन सापडते. शिलाहारमधला ‘ह’ लोपून शेलार होणे, कदंबमधला ‘ब’ गळणे हेही नियमाला धरून आहे. पण शब्द कुठून आला हे सिद्ध झाले म्हणजे माणसे कुठून आली हे सिद्ध होत नाही. या विषयावरचा निम्मा गोंधळ ही एक पायरी गाळल्याने झालेला आहे. राजवंशाचे नाव त्याचे मांडलिक, सैनिक, आश्रित आणि त्याच्या मुलखातले शेतकरीही घेऊ शकतात.

वंशपरंपरेचा दावा मानणारे सिंदखेडच्या जाधवांसारखी उदाहरणे देतात. देवगिरीच्या यादवांच्या मुलखातच हे घराणे पुढे आले आणि यादववंशाचा अभिमान त्याने सतत सांगितला. शिलाहारांचे राज्य उत्तर कोकणात होते. कोकणच्या मौर्यांचा उल्लेख ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखात आहे, आणि जावळीचे मोरे सह्याद्रीच्या त्याच पट्ट्यातले. प्रदेश जुळतो हा या बाजूचा भक्कम मुद्दा आहे. मात्र मधल्या काही शतकांची साखळी कागदावर मिळत नाही.

दुसरी बाजू देवकाकडे बोट दाखवते. लग्नात देवक बसवताना प्रत्येक कूळ आपापली वस्तू पुजते: पंचपल्लव, कळंबाची डहाळी, मोराचे पीस, सूर्यफूल, वेल. समान देवकाच्या कुळांत लग्न होत नाही. एन्थोव्हेन यांनी १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्यातील जातींच्या ग्रंथात अशा देवकांच्या नोंदी आहेत, आणि कुळांचा पाया या कुलचिन्हांत आहे असे मानववंशशास्त्रज्ञांचे मत बनले. मोऱ्यांचे देवक मोराचे पीस. मग आडनाव मौर्यांवरून आले की मोरावरून? मौर्य या नावाचाच संबंध मोराशी लावणारी जुनी परंपरा आहे, त्यामुळे दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात आणि प्रश्न तिथेच राहतो. मराठ्यांच्या शहाण्णव कुळांच्या याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. एका यादीत असलेले कूळ दुसरीत नसते, आणि आकडा मात्र सगळीकडे शहाण्णवच असतो. हा आकडा मोजणीतून न येता परंपरेतून आला असावा, हे मत म्हणूनच अधिक पटते.

भोसले या एकाच नावावर झालेली चर्चा या सगळ्या पद्धती एकत्र दाखवते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी उदेपूरच्या सिसोदियांशी नाते सांगणारी वंशावळ मान्य झाली. मुधोळच्या घोरपडे घराण्याकडच्या बहमनी फर्मानांनी तिला दुजोरा मिळतो असे काही इतिहासकार म्हणतात. त्या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल मात्र दुमत आहे, आणि जदुनाथ सरकारांनी सिसोदिया वंशावळच ग्राह्य मानली नाही. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील ग्रंथात निराळीच दिशा दाखवली. दैवत, यात्रा आणि स्थलपरंपरा यांच्या आधारे त्यांनी भोसल्यांचे मूळ कर्नाटकातल्या होयसळ-यादव परंपरेत शोधले. ढेऱ्यांची मांडणी निर्णायक पुरावा देते असे म्हणता येत नाही, पण केवळ शब्दसाम्यावर न थांबता कुळाचे दैवत आणि स्थलांतराची वाट तपासण्याचा वस्तुपाठ तिने घालून दिला, हे तिचे मोठे मोल आहे.

टोपणनावे आणि दंतकथा

उरलेल्या असंख्य आडनावांचे मूळ एखाद्या पूर्वजाच्या रंगात, अंगलोटीत, स्वभावात, धंद्यात किंवा पराक्रमात असावे: काळे, गोरे, लांबे, बोबडे, वाघमारे, लोखंडे, सहस्रबुद्धे, अष्टपुत्रे. या नावांतला शेवटचा ‘ए’ आदरार्थी अनेकवचनाचा आहे. घराण्याचा एकटा पुरुष ‘भोसला’, मानाने ‘भोसले’. उत्तरेकडच्या भाषांत भोंसला हे रूप चालते ते यामुळे.

एखादे टोपणनाव मूळ नावाच्या जागी कसे बसते याचे नोंदलेले उदाहरण फुले घराण्याचे आहे. हे घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. जोतीरावांच्या आधीची पिढी पुण्यात फुलांच्या धंद्यात शिरली, पेशव्यांकडे फुले पुरवू लागली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. एका पिढीत, डोळ्यांसमोर घडलेला हा बदल आहे. इतका स्पष्ट पुरावा फार थोड्या आडनावांना लाभतो.

बाकीच्यांना लाभतात त्या कथा. घोरपडीला दोर बांधून गड चढलेल्या पूर्वजावरून घोरपडे, गायीसाठी कवाड उघडणाऱ्यावरून गायकवाड. अशा कथा नाव पाहून मागाहून रचल्या जातात असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि घराण्यांना त्या खऱ्या वाटतात. कथा इतिहास सांगत नसली तरी घराण्याला कोणता गुण मिरवावासा वाटला ते सांगते, म्हणून ती नोंदवून ठेवणे योग्यच.

व्युत्पत्तीच्या शास्त्रीय बाजूने वि. का. राजवाडे यांचे काम पायाभूत आहे. मराठी नावे, आडनावे आणि ग्रामनामे यांचा माग त्यांनी संस्कृत आणि प्राकृतातून काढला. त्यांचा नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्यांची झेप अचाट आहे. काही व्युत्पत्ती मात्र फार ताणलेल्या आहेत, आणि प्रत्येक नावाला संस्कृत मूळ असलेच पाहिजे हे त्यांचे गृहीत पुढच्यांनी स्वीकारले नाही. शं. बा. जोशी यांनी कन्नडकडे लक्ष वेधले आणि विश्वनाथ खैरे यांनी तमिळकडे. द्रविड मुळांचा विचार केल्यास अनेक गावांची आणि त्यांवरून आलेल्या आडनावांची उकल होते असे त्यांचे म्हणणे. तरीही नुसते ध्वनिसाम्य इथेही अपुरेच ठरते. जुन्या कागदांतले लेखन आणि नावाचा प्रादेशिक पसारा यांची जोड त्याला लागते.

चित्पावन घराण्यांनी विसाव्या शतकात छापलेले कुलवृत्तांत या बाबतीत उपयोगाचे आहेत. चौदा गोत्रे आणि मूळ साठ आडनावे अशी त्यांची परंपरा आहे. एका मूळ आडनावातून गाव, धंदा, हुद्दा यांमुळे नवी आडनावे कशी फुटली ते या वृत्तांतांत पिढीवार दिसते. एवढी नोंद इतर समाजांची क्वचितच झाली आहे. त्यामुळे सगळ्या मराठी आडनावांविषयीचे निष्कर्ष एका छोट्या समाजाच्या कागदांवर उभे राहण्याचा धोका आहे.

सीमेवरची नावे

चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या भागांत ‘वार’ शेवटी असलेली मुनगंटीवार, वडेट्टीवार यांसारखी आडनावे तेलुगूतल्या ‘वारु’ या आदरार्थी पदाची साक्ष देतात. गोंडांची मडावी, आत्राम, उईके ही कुळे आपण किती देव मानतो त्यावरून चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांत विभागलेली आहेत आणि लग्ने त्यानुसार ठरतात. तिथे आडनाव जिवंत कुलव्यवस्थेचा भाग आहे.

गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मांतराबरोबर पोर्तुगीज आडनावे आली. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मपिता यांचे आडनाव घेण्याची रीत होती, त्यामुळे एकाच हिंदू घराण्याच्या शाखा फर्नांडिस, परेरा, डिसोझा अशा पांगल्या. कित्येक कुटुंबांना आपले जुने प्रभू, कामत, नायक हे नाव अजून ठाऊक असते. गोव्यात नाव-आडनाव बदलासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. जुने आडनाव परत घेण्याचा हक्क आणि गोव्याबाहेरच्यांनी गोमंतकीय आडनाव घेण्याबद्दलची नाराजी या दोन्ही गोष्टी त्याच्याभोवती चर्चेत येतात.

तंजावरच्या मराठी लोकांत उलटे घडले. सर टी. माधवराव यांच्या नावात दिसते तशी तिथे आद्याक्षरांची दाक्षिणात्य पद्धत रुळली आणि आदरार्थी ‘राव’ हेच आडनावाच्या जागी आले.

एकच आडनाव, अनेक जाती

जाधव, पवार, मोरे, गायकवाड, शिंदे ही आडनावे मराठ्यांत आहेत, तशीच पूर्वाश्रमीच्या महारांत, मातंगांत, धनगरांत, कोळ्यांत, रामोश्यांत आहेत. याची उपपत्ती कशी लावायची हा या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा अनिर्णित प्रश्न आहे. एक मत असे की ही कुळे जातींपेक्षा जुनी आहेत. एकच कूळ पुढे धंद्यानुसार निरनिराळ्या जातींत विभागले गेले, आणि समान देवके ही त्याची खूण. दुसरे मत असे की सेवा करणाऱ्या घरांनी वतनदार घराण्याचे आडनाव घेतले किंवा त्यांना ते लावले गेले. तिसरे, सैन्यभरतीच्या वेळी प्रतिष्ठित नावे मुद्दाम सांगितली गेली. निवाडा करायचा तर प्रत्येक तालुक्यातली आडनावे, देवके आणि कुलदैवते शेजारी शेजारी मांडून पाहावी लागतील. इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेच्या अभ्यासात ही दिशा दाखवली होती, पण आडनावांसाठी असे व्यापक सर्वेक्षण पुढे उभे राहिले नाही.

या प्रश्नाला वर्तमानाची धार आहे. आडनाव ऐकून जात ताडण्याची सवय शाळेत, नोकरीत, भाड्याचे घर शोधताना आजही अनुभवाला येते. म्हणून काहींनी आडनाव गाळले, काहींनी गावावरून नवे घेतले. उलट, आडनाव टाकल्याने आपला इतिहासच पुसला जातो, नाव तेच ठेवून त्याला मान मिळवून द्यावा, असे मानणारेही तितकेच आहेत. दोन्ही भूमिका एकाच अपमानाच्या अनुभवातून आल्या आहेत.

स्वतःचे नाव, आईचे नाव

व्यक्तिनामांचा अभ्यास आडनावांच्या मानाने मागे आहे. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत, खंडेराव-मल्हारी किंवा पांडुरंग-पुंडलिक अशी कुलदैवताकडून आलेली नावे, मुले जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे, एवढे सर्वमान्य आहे. मुलगी नको म्हणून ठेवलेल्या नकोशी या नावाचे दुःख निराळे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने लिहून पार पाडली जाई, आणि काही घरांत अजून जाते. त्या क्षणी तिचे स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही पदे बदलत. कायदा पतीचे आडनाव घेण्याची सक्ती करत नाही. माहेरचे आडनाव ठेवणे किंवा दोन्ही लावणे शहरांत वाढले आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. तीन पदांचे मराठी नाव त्यामुळे कागदावर चार पदांचे झाले.